जळणं, जाळणं आणि मधली रेघ

संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा असल्याचं 'नासा'नं जाहीर केलंय, हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेलं आहे. कुणी ते पंगतीत सांगतं, कुणी मंदिरातल्या स्वाध्यायानंतर, कुणी मोबाईलवर पाठवतं. असं वाक्य ऐकलं की मान डोलवायची किंवा हसून सोडून द्यायचं, अशा दोनच वाटा बहुतेक जण धरतात. मला तिसरी वाट धरावीशी वाटते. त्या वाक्यामागं एक खरा लेख आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. त्यात जे म्हटलंय ते ऐकीव वाक्यापेक्षा जास्त मोलाचं आहे, आणि त्याला जिथं प्रश्न विचारायला हवा ती जागाही वेगळीच आहे.

रिक ब्रिग्ज यांनी १९८५ साली 'एआय मॅगझिन' या अमेरिकी नियतकालिकात तो लेख लिहिला. त्या वेळी ते नासाच्या एम्स केंद्रातल्या एका संशोधन संस्थेत काम करत होते. नासाची घोषणा वगैरे त्यात काही नाही. त्यात एक साधी, नेमकी तुलना आहे. संगणकाला वाक्याचा अर्थ कळावा म्हणून तेव्हाचे संशोधक घटनेचं जाळं काढत असत. कागदावर वर्तुळं काढायची आणि बाणांनी जोडायची. मधल्या वर्तुळात क्रिया. तिथून एक बाण करणाऱ्याकडं, एक ज्याच्यावर क्रिया होते त्याच्याकडं, एक साधनाकडं, एक जागेकडं. ब्रिग्ज यांचं म्हणणं असं की आपल्याकडच्या वैयाकरणांनी, विशेषतः नागेशभट्टांसारख्यांनी, वाक्याची फोड करताना हेच काम शब्दांत करून ठेवलंय. मैत्र मैत्रीपोटी देवदत्तासाठी भांड्यात, विस्तवावर भात शिजवतो, असं एक उदाहरण ते घेतात. मैत्र कर्ता, भात कर्म, विस्तव करण, भांडं अधिकरण, देवदत्त संप्रदान. पाणिनीची कारकं आणि संगणकाचे बाण एकमेकांवर ठेवले तर बरेचसे जुळतात.

स्वयंपाकाचं उदाहरण असल्यामुळं असेल, पण मला ते पटकन पटलं. आपण रोज करतो ते काम असं मांडलेलं पाहिलं की भाषेच्या आत एक सांगाडा आहे हे दिसतं. आमच्या बीदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात तर हे शिकवावंही लागत नाही. भालकी, औराद, कमलनगर, आळंद, कुठंही जा, एकाच ओसरीवर मराठी, कन्नड आणि दखनी बोलणाऱ्या बायका बसलेल्या असतात. एक म्हणते, 'मला भूक लागली.' दुसरी, 'ननगे हसिवागिदे.' तिसरी, 'मेरेकू भूक लगी.' तिघींचे शब्द वेगळे, पण सांगाडा एक. भूक ज्याला लागते तो तिन्ही भाषांत 'ला', 'गे', 'कू' घेऊनच येतो.

जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका गावाबद्दल एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी गावाचं नाव 'कुपवार' असं दिलंय. तिथले जैन आणि लिंगायत कन्नड बोलणारे, मुसलमान उर्दू बोलणारे, आणि गावातल्या व्यवहारात मराठी. शेकडो वर्षांच्या शेजारामुळं या भाषांची वाक्यरचना इतकी सारखी झाली होती, की एका भाषेतल्या वाक्याचा शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत वाक्य करता येई. घरातले शब्द मात्र ज्यांनी त्यांनी आपले राखले होते. सीमेवरच्या माणसाला हे वाचून नवल वाटणार नाही. आपण भाषांतर करत नाही, एकाच जाळ्यावर वेगळे शब्द चढवतो.

इथवर ब्रिग्ज यांच्या लेखाशी माझं भांडण नाही. प्रश्न पुढं आहे. हे जाळं कशाचं? घडलं त्याचं, की कुणाला तरी दिसलं त्याचं?

भुकेचंच वाक्य पुन्हा बघा. 'मला भूक लागली' यात मी काही केलेलं नाही. भूक आली आणि मला लागली. 'मला दिसलं', 'मला आठवलं', 'मला वाटलं', 'मला थंडी वाजते' ही सगळी वाक्यं अशीच. 'मी पाहिलं' आणि 'मला दिसलं' यांतला फरक पाच वर्षांच्या पोरालाही कळतो. पाहिलं म्हणजे मुद्दाम, दिसलं म्हणजे समोर आलं. पण इंग्रजी वाक्यांवरून बेतलेल्या जाळ्यांत पाहणारा हा पहिल्या क्रमांकाच्या बाणावर, म्हणजे करणाऱ्याच्या जागी बसतो. आपल्याकडं शाळेत 'मला आंबा आवडतो' या वाक्यावर वाद ठरलेला असे. क्रियापद आंब्याप्रमाणं चालतं म्हणून आंबा कर्ता, की आवड मला आहे म्हणून मी कर्ता? पाणिनीनं ज्याला गोष्ट आवडते त्याला संप्रदानाच्या घरात बसवलं. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत भारतीय भाषांची वाक्यं पाणिनीय पद्धतीनं संगणकासाठी मांडण्याचं काम झालं, तिथं अशा 'मला'साठी 'अनुभव कर्ता' ही वेगळी खूण ठेवलेली आहे. हा मला फार समजूतदार निर्णय वाटतो. अनुभवणाऱ्याला करणाऱ्याच्या पाटावर ढकललं नाही, त्याला त्याचा पाट दिला.

म्हणजे जाळं काढणाऱ्यांना हा प्रश्न सुचलेलाच नाही, असं नाही. तरी एक गोष्ट राहते, आणि ती किरकोळ नाही. तिच्यासाठी मी मैत्राच्या भातापेक्षा वेगळं उदाहरण घेणार आहे. तेही चुलीपाशीच घडतं.

माझ्या लहानपणी गल्लीतल्या बायका मयताच्या घरी जाऊन आल्या की विहिरीवर हातपाय धुताना बोलत. एकदा शेजारच्या गावातली एक नवी सून गेली होती. 'जळाली.' 'स्टो भडकला म्हणे.' 'पदर लागला म्हणे.' कुणीतरी विचारलं, 'घरात कोण होतं, अक्का?' त्यावर कुणी बोललं नाही. एवढंच मला आठवतं. त्या घटनेत खरोखर काय झालं ते मला माहीत नाही, आणि मी ते इथं ठरवणारही नाही. मला त्या बोलण्याचं व्याकरण बघायचंय.

मराठीत जोड्या आहेत. पडणं-पाडणं, मरणं-मारणं, तुटणं-तोडणं, फुटणं-फोडणं, जळणं-जाळणं. स्वराची किंवा एखाद्या व्यंजनाची अदलाबदल, आणि घटनेतलं एक माणूस नाहीसं होतं. कपबशी 'फुटते', पोर ती 'फोडतं'. जुने वैयाकरण म्हणत की धातूच्या अर्थात दोन गोष्टी असतात, फळ आणि व्यापार. शिजवण्यात तांदूळ मऊ होणं हे फळ, आणि चूल पेटवणं, आधण ठेवणं, ढवळणं हा व्यापार. फळ जिथं उतरतं ते कर्म, व्यापार जिथं असतो तो कर्ता. 'जाळलं' यात फळ एकीकडं, व्यापार दुसरीकडं. 'जळाली' यात दोन्ही एकाच ठिकाणी येऊन बसतात. म्हणजे 'सून जळाली' या वाक्याचा कर्ता कोण? सून. प्रयोग कोणता? कर्तरी. व्याकरणानं त्या पोरीलाच तिच्या जळण्याचा कर्ता करून टाकलं.

कन्नडात 'सुडु' हा एकच धातू दोन्हीकडं चालतो. 'कै सुट्टितु' म्हणजे हात भाजला, 'सुट्टरु' म्हणजे त्यांनी जाळलं. शेवटच्या प्रत्ययावरून कळतं. इंग्रजीतही भाजण्या-जळण्याचं क्रियापद दोन्हीकडं एकच आहे. मराठीत 'भाजणं' तसंच. तिनं भाकर भाजली, आणि ती भाजली. तव्यावरची भाकर आणि दवाखान्यातली बाई यांच्यासाठी आपल्याला एकच शब्द पुरतो.

आता यातून जाळं काढा. २०१३ मध्ये काही संशोधकांनी 'ॲब्स्ट्रॅक्ट मीनिंग रिप्रेझेंटेशन' नावाची पद्धत मांडली. आज अशा कामात तिचं नाव हमखास निघतं. तिचा गुण असा की एकच गोष्ट चार तऱ्हांनी सांगितली तरी जाळं एकच येतं. क्रियापदानं सांगा, नामानं सांगा, आत तेच वर्तुळ, तेच बाण. काळ मात्र ती गाळते. त्या पद्धतीत प्रत्येक इंग्रजी क्रियापदाला किती बाण असू शकतात याची यादी आधी तयार असते. त्यामुळं इंग्रजीत 'ती भाजली' असं म्हटलं, तरी यादीत भाजवणाऱ्याचा बाण असतो. या वाक्यात तो वापरलेला नाही, एवढं तरी जाणकाराला दिसतं. मराठी 'जळणं'ची यादी केली तर तसा बाण यादीतच येणार नाही, कारण तो 'जाळणं'च्या घरी राहतो. संगणकाला 'ती जळाली' हे संपूर्ण, निर्दोष वाक्य दिसेल. सगळी वर्तुळं भरलेली. विचारण्यासारखं काही उरलेलं नाही.

म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे. मराठी घटनांचं जाळं काढायचं असेल, तर जळणं आणि जाळणं ही दोन वेगळी घरं ठेवून भागणार नाही. दोहोंमध्ये एक रेघ हवी. जळणं दिसलं की त्या रेघेनं जाळणाऱ्याच्या रिकाम्या वर्तुळापर्यंत जाता आलं पाहिजे. वर्तुळ रिकामं असेल तर रिकामं दाखवा. पण दाखवा. जाळ्याची खरी ताकद मला इथंच वाटते. वाहतं बोलणं जी जागा झाकून पुढं जातं, ती कागदावर उघडी पडते.

हे काम एका ठिकाणी झालेलं आहे, संगणकाच्या बाहेर. १९८६ मध्ये भारतीय दंड संहितेत हुंडाबळीचं कलम ३०४-ब आलं आणि पुरावा कायद्यात ११३-ब. लग्नापासून सात वर्षांच्या आत बाई भाजून, इजेनं किंवा अस्वाभाविक रीतीनं मेली, आणि मृत्यूच्या थोडं आधी हुंड्यासाठी नवऱ्यानं किंवा त्याच्या नातेवाइकानं तिचा छळ केल्याचं दाखवता आलं, तर मृत्यूला ते कारण आहेत असं न्यायालय गृहीत धरतं. ते खोडून काढण्याची जबाबदारी मग त्यांच्यावर. जुलै २०२४ पासून नव्या संहितेतही ही तरतूद आहे. मी कायद्याची अभ्यासक नाही, पण व्याकरणाच्या डोळ्यानं बघितलं तर या कलमांनी 'जळाली' आणि 'जाळली' यांच्यात ती रेघच ओढलीय. कर्त्याची जागा वाक्यात नव्हती, कायद्यानं ती उघडली. आणि ती भरण्यासाठी अटी घातल्या, हेही तितकंच महत्त्वाचं. कारण स्टोव्ह खरोखरही भडकतात. रिकामं वर्तुळ आपल्या मनातल्या नावानं भरून टाकणं हा दुसऱ्या टोकाचा अन्याय आहे.

इथं माझी दुसरी तक्रार सुरू होते, आणि ती जाळ्याच्या विरुद्ध आहे. विहिरीवरच्या त्या बोलण्यात एक छोटा शब्द होता, 'म्हणे'. 'स्टो भडकला म्हणे.' कन्नडात याला 'अंते' जोडतात. त्या एका शब्दात बाईनं सांगून टाकलं होतं, की हे मी पाहिलेलं नाही, कानावर आलंय, माझ्या गळ्यात घालू नका. घटनेचं जाळं काढताना पहिली कात्री बऱ्याचदा याच शब्दावर चालते, कारण तो घटनेचा भाग नाही. स्टोव्ह भडकला, एवढी घटना. कुणी पाहिलं, कुणी ऐकलं, कुणी अंदाज केला, हे बाजूला. मग पाहिलेलं आणि ऐकलेलं एकाच शाईत उतरतं.

आमच्याकडं दशलक्षण पर्वात 'तत्त्वार्थसूत्रा'चा रोज एक अध्याय सांगतात. पहिल्या दिवशीच ज्ञानाचे प्रकार येतात. इंद्रियांनी आणि मनानं होतं ते मतिज्ञान, त्याच्या पाठीवर येतं ते श्रुतज्ञान. श्रुत म्हणजे ऐकलेलं. दोन्हींना ज्ञानच म्हटलंय, पण एक खण केलेला नाही. मतिज्ञानाच्याही चार पायऱ्या आहेत. अवग्रह, ईहा, अवाय, धारणा. पूज्यपाद देवनंदींनी 'सर्वार्थसिद्धी' या टीकेत याचं सोपं उदाहरण दिलंय. पांढरं काहीतरी दिसलं, हा अवग्रह. बगळी असेल की पताका, असा शोध घेणं ही ईहा. वरखाली होण्यावरून, पंखांवरून बगळीच आहे असं ठरणं हा अवाय. आणि पुढं ते न विसरणं ही धारणा. या पूज्यपादांच्याच नावावर 'जैनेंद्र' हे संस्कृत व्याकरण आहे. दिसणं कसं घडतं आणि बोलणं कसं घडतं, हे दोन्ही विषय एकाच माणसानं हाताळले. नंतर आमच्याच भागातल्या मळखेडला, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, शाकटायन या जैन वैयाकरणानं आपल्या व्याकरणावरच्या टीकेला राजाच्या नावावरून 'अमोघवृत्ती' म्हटलं. ब्रिग्ज यांच्या लेखात भाषेचं शास्त्र आहे, आणि ते मोठं आहे. पण दिसण्याचं शास्त्र त्याच्या शेजारी ठेवल्याशिवाय घटनेचं चित्र पुरं होत नाही. आपल्याकडं दोन्ही शेजारी होती.

या चार पायऱ्या 'जळाली' या शब्दाला लावून बघा. धूर बघून पहिली धावत आलेली शेजारीण ओरडते, 'बाई गं, जळाली!' तिनं ज्वाळा पाहिली, पोर पाहिली. दुसरं काही पाहिलेलं नाही. तिचा शब्द पूर्ण प्रामाणिक आहे. तो अवग्रह आहे. 'जाळली' असं ती ओरडली असती तर न पाहिलेलं बोलली असती. तोच शब्द तिसऱ्या दिवशी, घरात कोण होतं हे सगळ्यांना ठाऊक झाल्यावर, विहिरीवर पुन्हा निघतो, 'जळाली'. शब्द तोच, व्याकरण तेच, जाळं काढलं तर जाळंही तेच. पण आता तो अवग्रह उरलेला नाही. ईहेची पायरी गाळून, प्रश्न न विचारता तो अवाय होऊन बसलाय, आणि वर्षभरानं धारणा होईल. 'ती जळाली होती ना', इतकंच गावाच्या लक्षात राहील.

भाषा खोटं बोलली का? नाही. प्रत्येक वाक्य खरं आहे. फसवणूक वाक्यात नाही, ते वाक्य केव्हा आणि काय ठाऊक असताना बोललं गेलं, त्यात आहे. आणि नेमकं हेच घटनेच्या जाळ्यात नाही. त्यात घडण्याचा काळही कधी गळतो, कळण्याच्या काळाला तर जागाच नाही.

यावर कुणी म्हणेल, सगळंच कसं मावेल चित्रात? मैत्राचा भात कुणी पाहिला, हे कशाला लिहायचं? बरोबर आहे. भातासाठी नको. मी शंभर वेळा 'भात शिजला' म्हणते, तेव्हा शिजवणारीचं नाव कुणी विचारत नाही. (ते न विचारणं हाही एक विषय आहे, पण तो दुसऱ्या लेखाचा.) परंतु आता जबाब, तक्रारी, दवाखान्यातल्या नोंदी, वर्तमानपत्रांतल्या बातम्या यांचा सारांश यंत्रानं काढायचे दिवस आले आहेत. सीमेवरच्या बाईचं बोलणं मराठीतून कन्नडात, कन्नडातून इंग्रजीत जाणार. 'पडले', 'भाजलं', 'लागलं', 'म्हणे' असल्या शब्दांनी भरलेलं तिचं बोलणं सुटसुटीत घटनेत बसवलं जाणार. दवाखान्यात नवरा शेजारी उभा असताना एखादी 'पडले' म्हणते, तेव्हा त्या शब्दात किती पायऱ्या गाळलेल्या असतात, हे त्या शब्दातून कळत नाही. तिथं उभं राहून ऐकणारी परिचारिका ते कधी कधी ओळखते. ती पुन्हा विचारते, 'कशी पडलीस गं?' ती ईहा आहे.

तेव्हा संस्कृत संगणकाला योग्य की अयोग्य, हा वाद मला फारसा कामाचा वाटत नाही. ब्रिग्ज यांनी दाखवलेलं साम्य खरं आहे आणि त्याचा अभिमान वाटायला हरकत नाही. पण ज्या परंपरेचा अभिमान, तिच्याकडून घ्यायचं ते पुरतं घ्यावं. कारकांनी घटनेतली माणसं मोजायला शिकवलं. ज्ञानाच्या पायऱ्यांनी सांगणाऱ्याला किती दिसलं ते विचारायला शिकवलं. घटनेच्या जाळ्यात मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, करणारा माहीत नसेल तर त्याचं वर्तुळ पुसू नये, रिकामं ठेवावं. दोन, प्रत्येक बाणावर लिहावं, की हा पाहिलेला, हा ऐकलेला, हा अंदाजानं काढलेला.

यंत्रांना हे शिकवता येईल की नाही ते शिकवणारे बघतील. 'म्हणे' आणि 'अंते' आमच्या भाषांत आधीपासून आहेत. जळणं आणि जाळणं दोन्ही आहेत. 'घरात कोण होतं, अक्का?' हा प्रश्नही तिन्ही भाषांत विचारता येतो. तो एकदा विचारून उत्तर आलं नाही, तर पुन्हा विचारायचा.